कांडी क्रमांक सतरा

इस्लापूरच्या पुढं डांबर संपतं,
तिथून टेंभुर्णीचं रान.
जीपमध्ये पोकळ गिरमिट, मेणाचा गोळा,
आयोडीनची तपकिरी बाटली,
आणि पुढच्या सीटवर ऐतूबाई कुमरे,
कारण रस्ता तिला ठाऊक, ड्रायव्हरला नाही.

नर कोणता, मादी कोणती?
पुस्तकात आहे: नराची फुलं झुबक्यानं, मादीचं एकेकटं.
पण फुलं झडून महिना झालेला.
ऐतूबाई चालता चालता बोट दाखवते,
हा बाप्या. ही बाई. ही बाई. हा बाप्या.
हे, थांब, ह्याचं अजून ठरलं नाही.
"कशावरून?"
"टेंभरं कुणाखाली वेचली ते इसरते का मी?"

गिरमिट फिरवायला दोघी लागतो.
पोलाद आत शिरताना आवाज येतो
ओला ऊस दातानं सोलल्यासारखा.
मग बाहेर सरकते कांडी,
उदबत्तीएवढी जाड,
चाळीस उन्हाळे लांब.

नराच्या कांडीत वलयं ऐसपैस.
त्याचा खर्च चैत्रातला, थोड्या दिवसांचा:
फुलं, पराग, माश्यांची गर्दी, झालं.
उरलेलं वर्ष तो स्वतःवर लावतो.
मादीच्या कांडीत रेषा खेटून खेटून,
एका बाकावर सहा जणी बसाव्यात तशा.
तिचं फळ घाई करत नाही.
पाऊस बघतं, थंडी बघतं,
पुढच्या उन्हाळ्यात पिकतं.
तोवर त्याचं सगळं तिच्याकडून.

पहिल्या आठवड्यात मी वहीत लिहिलं:
"मादीची वाढ कमी."
खोटं नाही ते.
पण रुंदी भिंगातून दिसते,
साठ्याला थेंब लागतो.

थेंब पडला की पिठूळ साठा
निळा-काळा होऊन वर येतो.
नर क्रमांक चार: सालीजवळ जांभळी किनार, तेवढीच.
मादी क्रमांक नऊ, गेल्या साली फळांनी वाकलेली:
काही नाही.
पोतं झटकून घडी घातल्यासारखं लाकूड.
मादी क्रमांक सतरा, तीन वर्षं वांझ म्हणून
वनमजुरांनी जिच्यावर टॉवेल वाळत घातले,
तिच्या कांडीवर थेंब ठेवला
आणि निळा पसरत गेला, आत,
आणखी आत,
काळ्या गाभ्याच्या काठाला लागून थांबला.

मी म्हणाले, आईची जात बघ, ऐतूबाई, पोटाला चिमटा घेऊन…
ती तंबाखू थुंकली.
"मला पाच झाली. माझ्यात काय साठलं?
बाई वणव्यातून पळते, पोर काखेत घेऊन.
हिला पळता येत नाही, म्हणून ही ठेवते.
झाडाला झाड म्हण ना.
काहून बाई करते त्याला?"

भोक मेणानं बुजवलं.
पत्र्याच्या बिल्ल्यावर १७ ठोकला,
आकडा सरळ आहे का हे तिनं दोनदा विचारलं.
परतताना पानांचा फड लागला,
सत्तर-सत्तर पानांचे पुडे, उन्हात ओळीनं.
तिथं नर नाही, मादी नाही,
पान मऊ पाहिजे, एवढंच.

पुढच्या वर्षी, वैशाखात,
नांदेडच्या स्टँडवरून कंडक्टरचा फोन:
तुमच्या नावाचं काहीतरी आहे, गळतंय.
पळसाच्या पानात सात टेंभरं.
चिठ्ठी नाही.
पानाच्या पाठीवर कोळशानं
एक सरळ रेघ, आणि तिच्या शेजारी
बिल्ल्यावरून उतरवलेला सात,
जरासा वाकडा.

एक खाल्लं. जीभ आधी आवळली, मग गोड झाली.
प्रयोगशाळेत जाऊन वही उघडली.
सतराव्या ओळीत, यंदाच्या रकान्यात
पेन्सिलीनं लिहिलं:
रेष बारीक असणार.
गिरमिट लावू नये.