चंडोलांचा खण

सातव्या कपाटातला तिसरा खण अडतो.
गुडघा टेकवून ओढावा लागतो.
आत चंडोल, पाठीवर निजवलेले,
डोळ्यांच्या जागी कापूस,
आणि प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी:
गाव, तारीख, टिपणाऱ्याचं नाव.

सायलेशियातलं हे छोटं संग्रहालय.
लोक येतात ते खाली, मॅमथचा दात बघायला.
वर माझ्याकडे येते कसर,
शाळेची एखादी वाट चुकलेली रांग,
आणि परवा आला गिंटर प्येखा.
सदतीस वर्षं खाणीत,
आता ऑक्सिजनची नळकांडी चाकांवर.

म्हणाला, ऐकलंय, तुम्ही धूर जपून ठेवलाय.

मी खण ओढला.
त्याला वाटलं, पक्षी दोन जातींचे.
जात एकच, म्हटलं. सालं वेगळी.
एकोणीसशे अकराचं पोट राखेसारखं,
चौपन्नचं चुलीमागच्या भिंतीसारखं.
हवा तेव्हा कुणी मोजत नव्हतं,
मोजत होते ते टन.
हे नुसते उडत होते
आणि त्यांच्यावर लिहिलं जात होतं.

एकदा वरून हुकूम आला:
पाहुणे येताहेत, पक्षी धुऊन मांडा.
तेव्हाच्या ओतिलियाबाईंनी पुढची रांग धुतली.
मागची तशीच ठेवून कुलूप घातलं
आणि किल्ली हरवली.
हरवली म्हणजे, एप्रनच्या शिवणीत.

गिंटर वाकून चिठ्ठ्या वाचत राहिला.
हा पांढरा कधीचा?
नव्याण्णवचा.
अठ्ठ्याण्णवला आमची खाण बंद झाली, म्हणाला,
आणि बराच वेळ फक्त नळकांडी बोलली.
मग म्हणाला,
त्या वसंतात बायकोनं दोरीवरून चादर काढली,
घातली तशीच पांढरी.
ती चादर घेऊन अंगणात उभी राहिली.
मी घरात, बेकार.
मला दाखवावी की नाही,
तिला कळेना.

मीही एक कबूल केलं:
आमच्या तळघरातला बॉयलर
गेल्या हिवाळ्यापर्यंत कोळसाच खात होता,
ह्याच पक्ष्यांना कोरडं ठेवायला.
आता मी दोन स्वेटर घालते.
संचालकांनी खाली पोस्टर लावलंय,
त्यावर एक हिरवं पान हसतं.
शाळेची रांग त्याच्यापुढे फोटो काढते.

हात लावू? त्यानं विचारलं,
आणि उत्तराआधीच नळाकडे गेला.
साबणानं, नखांच्या कडांपर्यंत,
पाळी संपल्यावर धुवावेत तसे हात धुतले.
बोटाच्या पाठीनं
चौपन्नच्या पोटावरून एकदाच फिरवलं.
बोट बघितलं. पुसलं नाही.

जाताना शेवटच्या पक्ष्यापुढची
वीतभर रिकामी जागा त्यानं दाखवली.
इथं?
दोन हजार सहानंतर कुणी आणला नाही, म्हटलं.
हवा चांगली आहे आता.
चंडोल दिसत नाहीत.
का?
त्या जागेत मी एक कोरी चिठ्ठी ठेवली आहे,
दोरा ओवून.