मसुदा

पुंता अरेनासला वारा सुटला की
कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधतात, धरून चालायला.
मी सर्व्हरच्या खोलीत असते.
इथला वारा घरचाच, पंख्यांचा,
आणि भिंतीपलीकडे शीतगृहात
चार टन खेकडे, पाय दुमडून.

ऑडिटवाल्यांनी लिहून दिलं होतं:
एका माणसाला एक खातं. सामाईक काही नको.
पासवर्डच्या जोडीला फोनवर येणारा आकडा.
बरोबरच आहे. मागच्या हिवाळ्यात एका खोट्या बिलापायी
मालकांचे दोन कोटी पेसो हातोहात गेले
आणि महिनाभर माझ्या नमस्काराला उत्तर नव्हतं.

तर मी याद्या काढल्या.
सोडून गेलेले, निवृत्त, एक वारलेला,
आणि हे एक: गोदाम-दोन.
सात वर्षांत पाठवलेली पत्रं शून्य.
आलेलं एकच, माझंच: जागा भरत आली आहे.
कप्प्यात एकुलता एक मसुदा,
रोज पहाटे तीन दहाला उघडलेला,
रोज सकाळी सात चाळीसला उघडलेला,
दर खेपेला थोडा जाड झालेला.

तीन दहा म्हणजे नेल्सन बार्रिया, रात्रपाळीचा पहारेकरी.
सात चाळीस म्हणजे वजनकाट्यावरची एदिता.
गेटवर एकमेकांना ओलांडताना
दोघं मानसुद्धा हलवत नाहीत.

मी वाचलं नाही.
सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला
त्याने कुठल्याच खिडकीत डोकावू नये.
नुसते आकडे पाहिले.
रविवारी काही नाही.
जूनमध्ये, रात्री लांबतात तेव्हा, दुप्पट.
एकदा बारा दिवस फक्त सात चाळीस, सात चाळीस,
मग एका पहाटे
तीन दहा, तीन अकरा, तीन चौदा, चार.

शुक्रवारी खातं बंद केलं.
दोघांना वेगळी दिली, नावानिशी, फोन जोडून,
आणि मसुद्याची एकेक प्रत आत ठेवली, न उघडता.
(हे ऑडिटला सांगितलेलं नाही.)
एदिता म्हणाली, मला कुणाला पत्र धाडायचंय?
नेल्सनने सही केली, पेन परत दिलं.

दोन महिने झाले. नोंदी लख्ख.
त्याच्याकडून तिला, तिच्याकडून त्याला
एक ओळ गेलेली नाही.
नाव लागलं की पाठवावं लागतं,
आणि पाठवणं वेगळं.

काल शीतगृहातला तापमापक बंद पडला म्हणून आत गेले.
दारामागे, वजनाच्या तक्त्याच्या खिळ्याला
घडी घातलेला कागद, कडांवर हिम धरलेलं.
सात पस्तीस झाले होते.
मी तापमापकाची बॅटरी बदलली
आणि दार नुसतं लोटून घेतलं.