हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आप्पा दाढी करून,
पट्टा एक भोक आवळून
माझ्या फोनसमोर बसायचे.
पेन्शनसाठी सरकारला पटवावं लागे
की सुभेदार केरबा मगदूम, इंजिनिअर्स, निवृत्त,
अजून आहे.
फोन म्हणे, पापण्या मिटा-उघडा.
आप्पा तसेच ताठ.
"आप्पा, डोळे मिचकवा की!"
"सावधानमधी पापनी हलत न्हाई."
तिसऱ्या खेपेला कधीतरी डोळ्यांत पाणी येऊन
ते जिवंत ठरायचे.

डलुथला बर्फ ऑक्टोबरातच येतो.
पहिल्या रात्रीनंतर अंगण इतकं कोरं
की पोरं दप्तरासकट उडी मारायला निघत.
आप्पा दारात आडवे.
"थांबा. कोऱ्या जमिनीवर इस्वास ठेवायचा न्हाई."
मग काठी तिरकी धरून,
वीत-वीत टोचत
रस्त्यापर्यंत जायचे,
वळून म्हणायचे, "या आता. पावलात पाऊल."
आणि माझी ही अमेरिकेत जन्मलेली दोन्ही मुलं
एकामागे एक
आठ नंबरी बुटांच्या खड्ड्यांतून
बसपर्यंत सुखरूप.

मी खिडकीतून हसायचे.

एकाहत्तरच्या डिसेंबरातलं ते उसाचं शेत,
त्यांच्या चार पावलं पुढे चाललेला येसबा,
हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.
सांगितलं शेजारच्या आर्विड नायगार्डला,
जो व्हिएतनामहून एका कानाने बहिरा परतला होता.
गॅरेजात, बादल्या उपड्या घालून,
पन्नासेक शब्दांच्या इंग्रजीत,
बहुतेक वेळा चुकीच्या कानाशी.
भागत असावं.

फ्युनरल होमच्या फॉर्मवर विचारलं होतं:
सैन्यात होते का? होय.
कुठलं दल?
चौकोनांची रांग, एकातही आमचं सैन्य नाही.
"इतर"वर खूण केली
आणि पेन तसंच धरून बसले.
आर्विड आला, लांब कोटात, काही न बोलता.
पेटीसमोर उभा राहून त्याने सॅल्यूट ठोकला,
तळवा समोर, आपल्याकडच्यासारखा.
हा कधी शिकवला, आप्पा?
गॅरेजात अजून काय काय ठेवून गेलात?

रक्षा सोडायची तर सरोवर गोठलेलं.
एप्रिल उजाडू दे, म्हणाले सगळे.
तोवर फळीवर ठेवलंय,
ब्रासोच्या डब्याशेजारी, खाली त्या दोन बादल्या.
तिथे करमेल त्यांना.

पेन्शन कचेरीला कळवायचंय.
"कळविण्यास अत्यंत दुःख होते की"
लिहिलं, खोडलं.
त्यांनी दुःख विचारलेलं नाही,
तारीख विचारलीय.
दवाखान्यात मीच मिटल्या त्या पापण्या,
पहाटे, चारला दहा कमी असताना.
पहिल्यांदाच ऐकलं त्यांनी.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

काल रात्रभर पडला.
सकाळी बस कोपऱ्यावर येऊन थांबली, दिवे लुकलुकत.
थोरला, आता माझ्याहून हातभर उंच,
दारात उभा. पुढे पाऊल टाकेना.
म्हटलं, अरे जा की, उशीर होतोय.
तो कोपऱ्यातल्या काठीकडे बघत राहिला.

मीच घेतली शेवटी.
तिरकी धरायची, एवढं आठवत होतं.
किती तिरकी,
ते विचारायचं राहून गेलं.