काट्यावर

कुडचड्याच्या दुकानात, शटर अर्धं ओढून,
दोन मशीनं ठेवली आहेत टेबलावर, उघड्या पोटाची.
डावीकडचं परवा कुरिअरने आलं,
थर्माकोलचे दाणे अजून चिकटलेत पंख्याला.
उजवीकडचं खाणीच्या ऑफिसातलं. लिलावात
भंगारवाल्याने किलोवर घेतलं,
मला किलोवरच विकलं.
अठ्ठावीस किलो.
अकरा वर्षं ज्याने खनिजाचे ट्रक तोलले
त्याचं वजन शेवटी स्प्रिंगच्या काट्यावर झालं.

आर्लिंद लग्नाचे व्हिडिओ करतो.
त्याला एका शब्दात हवं आहे:
यातलं फास्ट कुठलं?

थांब म्हटलं, आणि एक लांबलचक हिशेब लावला,
ज्याची कुठलीच ओळ
मागच्या ओळीचं उत्तर आल्याशिवाय हलत नाही.
डेस्कटॉप: एक्केचाळीस सेकंद.
सर्व्हर: एक मिनिट तेहतीस.
सत्तावीस कोर हात बांधून बसलेले,
एकटा अठ्ठाविसावा ओळ ओळ चढतोय.
आर्लिंद हसला. पणजीच्या स्टँडवरच्या
पायलटसारखं आहे हे नवं, म्हणाला,
मागे एकच माणूस, मांडीवर बॅग,
दोन बशींच्या फटीतून असं काढतो
की आपण 'सावकाश रे' म्हणेपर्यंत उतरायची जागा.

मग त्याचंच एक लग्न घातलं दोघांत,
चार तासांचं, रोसपासून केक कापेपर्यंत.
सर्व्हरचे पंखे उठले.
शेजारचा शिंपी मिनीन टेप गळ्यात घेऊन धावत आला,
विमान उतरयतां गो हांगा?
एकोणीस मिनिटं. डेस्कटॉपला चौतीस.
ही फेरीबोट, मी म्हटलं, चोडणची.
सुटायला वेळ लावते, धक्क्यावर ताटकळवते,
पण सुटली की स्कूटर, मासळीची टोपली, भटजी,
शाळेची पोरं आणि कोणाचं तरी नवं कपाट
सगळं एकदम पलीकडे.

मीटरवर एकशे चाळीस वॅट आणि तीनशे दहा.
हेही लिहून ठेवलं वहीत.
आर्लिंद वही उलटी धरून बघत राहिला
जणू तशी तरी ती एका शब्दात बोलेल.
तुझ्या एका रात्रीत किती लग्नं असतात, मी विचारलं.
मोसमात तीन, म्हणाला. एरवी एकही नाही.

तेवढ्यात बाबा आले डबा न्यायला.
पत्र्यावर अर्धवट सोललेलं स्टिकर, 'काटा क्र. २'.
बाबांनी चष्मा वर केला.
हा आमचा.
मग बराच वेळ काही नाही.
मग: यात असेल का गो काही राहिलेलं?

डिस्क कंपनीने काढून घेतल्या होत्या.
आणि प्रोसेसरला काही आठवत नाही, बाबा,
लाखो टन गुणले तरी वीज गेली की कोरा.
पण याच्या मेमरीत एक जादा खूण असते,
आकडा वाटेत घसरला तर हा स्वतः पकडतो, सरळ करतो,
कोणाला सांगतसुद्धा नाही.
त्या डावीकडच्यात ते नाही.

मी पण, बाबा म्हणाले,
शेवटचा आकडा दोनदा वाचायचो.

माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.

आर्लिंदने डावीकडचं नेलं, हप्त्यावर.
क्लिप ओढली की नवरी लगेच हलली पाहिजे, म्हणाला,
आणि त्याचं बरोबर होतं.

मी बटणाकडे हात नेला तेव्हा बाबा म्हणाले,
असू दे थोडा वेळ.
त्याला काहीच काम नव्हतं.
अठ्ठावीस कोर, एक टक्का.
पंखे हळूहळू खाली आले, शिंप्याच्या मशीनचा आवाज
पुन्हा ऐकू यायला लागला,
मीटरवर एकशे दहा वॅट.
बिलाचा हिशेब मी केला नाही.
बाबा स्टुलावर बसले, डबा मांडीवर,
पुढचा ट्रक यायचा असल्यासारखे.