मिठाच्या मांगराचं दार

म्हापशाच्या बाजारात केळ्यांची रांग संपते तिथे
सगुण नाटेकरांचं दुकान. आत अंधार,
आणि अंधाराला मशीनच्या तेलाचा वास.
मी चिठ्ठी काढते. तीन दारं:
मिठाचा मांगर, लाकडांची खोप, कोंबड्यांचं खुराडं.
चिठ्ठीवर फळीची जाडी आहे, उंची आहे,
आणि इनास मेस्ताच्या हातचं चित्र,
ज्यात दार आणि बांगडा यांत फारसा फरक नाही.

लोखंड नको, मी आधीच सांगते.
आमच्या आगरवाड्यात लोखंड जगत नाही.
मागच्या बिजागऱ्या दोन पावसाळे टिकल्या,
तिसऱ्यात पापुद्र्यांनी सुटत गेल्या,
आणि एका सकाळी मी ढकललं
तर दार सरळ आत गेलं,
मिठाच्या राशीवर आडवं झालं
आणि उठेना.

सगुणबाब पिवळ्या बिजागऱ्यांचा डबा ओततात.
'पितळ,' म्हणतात.
मी पिशवीतून लोहचुंबक काढते,
मुलाच्या फुटक्या स्पीकरातलं.
चट्. चट्.
तिसरी चिकटत नाही,
नुसतीच जड बसून राहते तळहातात.
सगुणबाब पंख्याकडे बघतात.
'ती महाग.'
असू दे. स्क्रूसुद्धा पितळेचेच द्या.
पितळेच्या शेजारी लोखंडी स्क्रू आधी मरतो,
असं इनास मेस्त सांगतो,
बायकोकडे न बघता.

मग ते विचारतात,
'उजवें काय दावें? भितर उगडटा काय भायर?'

आणि मला आठवत नाही.
बत्तीस वर्षं त्या दारातून जाते-येते आहे.
चिठ्ठी उलटी धरून बघते.
बांगड्याला बिजागरी कुठल्या बाजूला?

पिशवी खाली ठेवते.
दोन्ही हात वर नेते, डोक्यावरची पाटी धरते,
नसलेली, ओली, मानेवर ठिबकणारी,
आणि दुकानाच्या मधोमध चार पावलं चालते.
उजवा खांदा पुढे होतो. कंबर ढकलते.
फळी डावीकडे वळते, आत.
'दावें,' मी म्हणते. 'भितर.'

रंगाचे डबे उचलणारा पोर थबकलेला.
सगुणबाब हसत नाहीत.
'बोल्ट? सहा इंची? आठ?'
इंच कुणाला ठाऊक. पाटी अजून डोक्यावर आहे,
हात मोकळे नाहीत, कोपर आहे.
ते एकेक बोल्ट मांडणीच्या लाकडाला टेकवून धरतात,
'वयर? सकल?' विचारत,
मी कोपरानं लोटून बघते.
पहिला घट्ट. दुसऱ्याचा दांडा गुळगुळीत, कोपर निसटतं.
चौथ्याला वाकडी शेपटी आहे, मांजराची असावी तशी.
सरकतो.

कुलूप नको. मीठ कोण चोरणार?
खुराड्याला मात्र दोन कड्या घेते, एक वर, एक खाली.
आमचं कांडेचोर एकच उघडायला शिकलंय.
खोपीपर्यंत पैसे पुरत नाहीत;
तिथं जुनंच सुंभ, जुनीच गाठ.

पुडकं मांडीवर घेऊन बसमध्ये खिडकीशी बसते.
शिवोलीच्या पुलावर वारा आत घुसतो, खारा.
मी पुडक्यावर पदर ओढते.