मार्तंड ग. वडके

वाचनालयाच्या रजिस्टरात एक रकाना आहे : हेतू.
पहिल्या मुलाने लिहिलंय 'एमपीएससी'.
त्याच्याखाली पानभर नुसती दोन-दोन टिंबं, म्हणजे वरीलप्रमाणे.
मी पेन उघडून तशीच उभी,
तेव्हा लोंढेबाई म्हणाल्या, "लिहा 'वैयक्तिक'.
जुने अंक माळ्यावर. दोरी सोडाल तशी बांधून ठेवा."

एकोणीसशे अकराची फाइल. पानं पापडासारखी,
बोट लावलं की कोपरा हातात येतो.
प्लेगचे आकडे पेठवार,
खोकल्याच्या औषधाची जाहिरात, खंडाळ्याला मारलेला वाघ,
आणि कुठेच नाही
तांबट आळीतला सतरा वर्षांचा मार्तंड,
आजोबांचा थोरला भाऊ,
जो सगळ्यांबरोबर गावाबाहेरच्या झोपड्यांत राहायला निघाला
आणि पुढे चालतच राहिला.

आमच्यात एवढंच सांगत : तो अमेरिकेला गेला.
जसं म्हणावं, दूध उतू गेलं.

तिकडची वर्तमानपत्रं मी घरी वाचते,
फोनवर, अक्षरं दोन बोटांनी ताणून.
माँटाना. ब्यूट नावाचं गाव. डोंगराच्या पोटात तांबं.
आळीत पत्रा यायचा तो व्यापाऱ्याकडून,
व्यापाऱ्याकडे कुठून, हे कुणी विचारत नसे.
तो विचारत विचारत गेला असेल.
'वडके' शोधलं : शून्य.
'वाडकी' शून्य, 'व्हाडके' शून्य,
'वूडकी' एक, शर्यतीचा घोडा.

मग एका रात्री, एकवीस सालच्या पानावर,
दातांच्या डॉक्टरच्या खाली, दोन ओळी :
मार्टिन वॉटकिन्स. तांब्याची भांडी दुरुस्त करून मिळतील.
कल्हई हिंदू पद्धतीची.

मी उठून पाणी प्यायले.
तो नसेलही. तिथे तेव्हा
पंजाबच्या शिखालाही हिंदूच लिहीत.
पण कानात ठक् ठक् सुरू झालं,
जे आजोबा बहिरे झाल्यावरही
मान हलवून मोजत बसायचे.

जाहिरात दर शनिवारी येते.
तेवीस सालच्या फेब्रुवारीत
तिथल्या सर्वांत वरच्या कोर्टाने ठरवलं
की हिंदी माणूस गोरा नव्हे, सबब नागरिकही होऊ शकत नाही.
या पेपरात ते चौथ्या पानावर, बटाट्याच्या भावाशेजारी.
मार्चमध्ये दातांचा डॉक्टर आहे.
त्याच्या खाली टोप्या.

यावरून काही सिद्ध होत नाही, मला कळतं.
बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात
मी बिलांच्या तक्रारी निकालात काढल्या.
एकामागून एक आलं म्हणजे एकामुळे एक आलं असं नाही.
शिवाय पुढचे पाच महिने
अंक उपलब्ध नाहीत.

भाचा न्यू जर्सीहून विचारतो,
"मावशी, सापडला का तुझा माणूस?"
त्याची स्वतःची फाइल अकरा वर्षं रांगेत आहे.
मी म्हणते, जवळजवळ.
तो म्हणतो, "माझंही तसंच."

आज पिशवीत तपेली घेऊन आले.
लोंढेबाईंनी आधी चष्मा पुसला, मग तपेली.
काठाखाली खिळ्याने ठोकलेली टिंबं :
मा. ग. व. १९१०.
'व'चं पोट जरा जास्त खोल गेलंय,
हात नवीन होता.
"छापील काही नाही ना मग," बाई म्हणाल्या,
आणि बराच वेळ
त्या एका टिंबावर अंगठा ठेवून राहिल्या.

रजिस्टर समोर होतंच.
हेतूच्या रकान्यात मी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या आद्याक्षरासकट.
माझ्या मागे हेल्मेट हातात धरलेला मुलगा.
त्याने वर न बघता सही केली
आणि नेहमीच्या सवयीने
मार्तंडच्या खाली
दोन टिंबं दिली.