साल

घडाला पिशवी चढवताना मुकादम एकच ओरडतो :
सालीला डाग नको.
ऊन खाल्लेलं केळ आतून कितीही गोड निघो,
त्याला पेटीत जागा नाही.
म्हणून दांड्यावर वाळल्या पानाची टोपी,
खाली पांढरी पिशवी, वर गाठ.
शिडीवर मी,
दंडापर्यंत उघडी.

सावद्याच्या ह्याच बागांतून आबांनी
एकतीस वर्षं केळी दिल्लीला नेली.
केबिनमध्ये इंजिनाची भट्टी, म्हणून काच कायम खाली
आणि खिडकीवर उजवा हात,
कोपरापासून बोटांपर्यंत बाहेर टाकलेला,
जणू गाडीचाच एक भाग, आरशाच्या जोडीला.
खिशात कांदा असायचा. लू लागली नाही कधी.
कांद्यानं डोकं राखलं.
हाताचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग त्या हातावर खवल्यासारखं काही आलं.
खाजवलं की रक्त, खपली, पुन्हा रक्त.
दोन दिवाळ्या आबांनी त्यावर हळद दाबली.
तिसरीच्या आधी मी त्यांना एस्टीत घातलं, जळगाव.

फेगडे डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात
टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले.
डावा बासष्टचा.
उजवा त्याचा बाप वाटत होता.
"लांब बाह्या, मलम, कधीच काही नाही?"
"बाई, हे केस काही उन्हानं पांढरे नाही झाले.
मले समजते ऊन."
"केस नसतील झाले," त्या म्हणाल्या. "हात झालाय."
आणि बाही काखेपर्यंत वर सारली.
तिथली कातडी मी जन्मात पाहिली नव्हती.
पिशवीतून नुकत्या काढलेल्या घडासारखी,
एक ठिपका नाही.
"ही तुमची मूळची. सगळीकडे अशीच घेऊन आला होतात."

कणभर तुकडा तपासायला गेला.
बारा दिवस आबा हाताशी बोलले नाहीत.
निघालं ते वाईट नव्हतं अजून,
वाईटाच्या ओट्यावर येऊन बसलं होतं, एवढंच.

मलमाची नळी त्यांनी उलटीपालटी केली.
"मी काय आता नवरदेव हाये का?"
तरी लावतात, आधी पानाला चुना लावावा तसं नखभर,
मग मी बघतेय म्हणून दोन बोटं.
जुन्या शर्टाची उजवी बाही कापून
शिंप्याकडून तिला इलास्टिक घालून घेतलंय,
तेवढी एक चढवून पारावर बसतात.
पारावरचे हसले.
गुलशेर तडवी, त्यांचा क्लीनर, हसला नाही.
तो डाव्या खिडकीत बसायचा.
आपला डावा हात त्यानं बराच वेळ पाहिला.

चैताली सात वर्षांची.
शाळा सुटते बाराला, ऐन डोक्यावर.
सकाळी तिला धरून बसवते : कानाच्या पाळ्या,
मान, पायाची ती पट्टी, चपलेला झाकता येत नाही ती.
"आज तर ढग आहेत."
ढगातूनही पाझरतं.
"मी काळी होईन म्हणून लावतेस?"
नाही ग. काळी तर आपली जमीनपण आहे,
तिला कोण पांढरी करायला निघालंय?
साल सरतं तसं दुसरं येतं, चैताली.
अंगावरची साल एकदाच मिळते.
तिला कळलं नाही. टोपी मात्र नेली,
आणि येताना हरवून आली.

आज मी आबांचा तो शर्ट साडीवर घातला.
डावी बाही ठीक.
उजवी त्यांनी नेलेली.
शिडीवर चढले, ऊन दंडावर येऊन बसलं.
गठ्ठ्यातली एक पिशवी ओढली,
दोन्हीकडून उघडी असतेच ती,
हात घातला, दातांनी वर गाठ मारली.

मुकादम खालून बघत राहिला.
पिशवीचे पैसे कापीन म्हणाला.
काप.